मीटर डाऊन, पस्तीस हजार फुटांवर!

पायलट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो काळा गॉगल, खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या आणि मोबाइल नंबरसारखा लांबलचक पगार. पण हा पगार ठरतो कसा? धर्माबादच्या मिरची बाजारात बसून मांडलेला एक हिशोब...

‘‘पगार किती असतो तेवढं सांग. बाकीचं मी बघतो.’’

धर्माबादचं मार्केट यार्ड, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मामांच्या अडत दुकानासमोर लालभडक मिरचीचे ढीग, अर्धा तेलुगू-अर्धा मराठी असा सौद्याचा गलका आणि माझी सातवी शिंक. मामांना ठसका लागत नाही, चाळीस वर्षांत नाक सरावलंय. मी मात्र पुण्यात जाऊन पार नाजूक झालेय, असं त्यांचं ठाम मत आहे.

विषय होता माझ्या मामेभावाचा. पठ्ठ्यानं लातूरला राहून बारावी सायन्स केलं. लातूर पॅटर्नमधून बाहेर पडणारं पोरगं एक तर डॉक्टर होतं नाही तर इंजिनीअर, अशी आमच्याकडे पक्की समजूत. यानं मात्र जेवताना जाहीर केलं की, मला पायलट व्हायचंय. मामींच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली म्हणे. फी विचारल्यावर आकडा आला पाऊण कोटीच्या पुढचा. त्यावर चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला. रील्समध्ये कुणीतरी सांगत होतं, पायलटला महिना दहा लाख!

मामांचा हिशोब सरळ होता. बाभळी बंधाऱ्याच्या बाजूला त्यांची पाच एकर काळी जमीन आहे. ती बँकेकडे तारण ठेवायची, पोरगं पायलट होणार, दोन वर्षांत कर्ज फिटणार. फक्त त्या दहा लाखांची खात्री हवी होती आणि ती करणार कोण? अर्थात पेपरात लिहिणारी भाची. आमच्या खानदानात पत्रकार म्हणजे चालतंबोलतं गुगल!

मी ऐटीत म्हटलं, ‘‘दोन दिवसांत सांगते, मामा.’’ प्रत्यक्षात तीन आठवडे लागले.

स्लिपवरचं गणित

पहिली मीटिंग पुण्यात, एका फर्स्ट ऑफिसरबरोबर. जागा विमाननगरचं कॅफे (योगायोग, दुसरं काही नाही). वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्याच बॅचचा. कंपनीचं आणि स्वतःचं नाव छापायचं नाही, या अटीवर त्यानं सॅलरी स्लिप दाखवली. मी आयुष्यात पाहिलेली ही सगळ्यात लांब स्लिप.

तुमच्या-माझ्या स्लिपवर बेसिक, एचआरए आणि ‘स्पेशल अलाउन्स’ नावाची एक गूढ गोष्ट असते. याच्या स्लिपवर बेसिक होतंच, पण ते बिचारं कोपऱ्यात उभं होतं. मुख्य पाहुणा होता फ्लाइंग अलाउन्स, म्हणजे उडालेल्या तासांचे पैसे. त्याखाली ठरलेल्या तासांपेक्षा जास्त उडालं तर त्याचे वेगळे पैसे. बाहेरगावी मुक्काम पडला तर लेओव्हर अलाउन्स. रात्रीच्या ड्युटीचा भत्ता. शिवाय ‘डेडहेड’ नावाची एक ओळ. नाव भयानक आहे, अर्थ साधा: पुढची फ्लाइट दुसऱ्या शहरातून असेल तर पायलटला तिथपर्यंत प्रवासी म्हणून पाठवतात, त्याचे थोडे पैसे.

‘‘म्हणजे तुझा महिन्याचा पगार किती?’’ मी विचारलं.

‘‘कुठल्या महिन्याचा?’’ तो हसला. गोष्टीतली गोम हीच होती, पण ती मला घरी आल्यावर कळली.

मी ज्या चार-पाच जणांशी बोलले, त्यांनी सांगितलेले आकडे साधारण असे. मोठ्या जेट विमानावरच्या नव्या फर्स्ट ऑफिसरला सगळं धरून महिना दीड ते अडीच लाख. कॅप्टन झाल्यावर सहा ते नऊ लाख, काहींना त्याहून जास्त. छोट्या टर्बोप्रॉप विमानांवर यापेक्षा कमी. टाटांकडे गेल्यावर एअर इंडियानं एप्रिल 2023 मध्ये नवी वेतनरचना आणली, तेव्हा छापून आलेले आकडे होते ट्रेनीला महिना 50 हजार आणि सगळ्यात सीनिअर कमांडरला साडेआठ लाख. पहा, एकच कॉकपिट, एकच कंपनी आणि सतरापट फरक! रीलवाल्याचे दहा लाख अगदीच खोटे नाहीत. फक्त ते डाव्या सीटवरचे आहेत आणि आमचा हिरो बसणार उजव्या सीटवर.

उजवीकडून डावीकडे जायला अंतर जेमतेम दोन फूट, वर्षं मात्र बरीच जातात. कॅप्टनच्या लायसन्सला किमान 1500 तास उड्डाण लागतं, परीक्षा लागतात आणि मुख्य म्हणजे कंपनीत कॅप्टनची जागा लागते. कंपनी विमानं वाढवत असेल तर चार-पाच वर्षांत नंबर लागतो. वाढवत नसेल तर बसा ढग मोजत.

मीटर कधी पडतं?

आता तासांकडे येऊ. हे तास तुमच्या ऑफिसच्या नऊ ते सहासारखे नसतात. एअरलाइनच्या भाषेत त्यांना ब्लॉक अवर्स म्हणतात. विमान पार्किंगमधून उडण्यासाठी हललं की घड्याळ सुरू, पोचल्यावर पार्किंगमध्ये थांबलं की बंद. थोडक्यात रिक्षाचं मीटर! हलल्यावर धावपट्टीच्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिलात तरी मीटर पळत असतं. पण धुक्यामुळे गेटलाच दोन तास अडकलात, आतले दीडशे प्रवासी तुमच्या नावानं बोटं मोडतायत, तरी मीटर पडलेलंच नसतं.

युनिफॉर्म मात्र त्याच्या खूप आधी चढलेला असतो. फ्लाइटच्या तासभर आधी रिपोर्टिंग, हवामानाची कागदपत्रं, इंधनाचा हिशोब, ब्रीदलायझर. दोन फ्लाइट्सच्या मधला वेळ टर्मिनलवर. हा सगळा वेळ ड्युटीत धरतात, पण तासाच्या भावात तो बहुतेकदा येत नाही.

नांदेडचंच उदाहरण घ्या. 27 एप्रिल 2017 ला ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे केवढं कौतुक! प्रवाशाला पाऊण-एक तासाची गंमत, पायलटला मात्र दर वेळी तेवढीच चेकलिस्ट, तेवढंच टेकऑफ, तेवढंच लँडिंग. दिवसात अशा चार फेऱ्या मारल्या तर ड्युटी भरते नऊ-दहा तास आणि मीटरवर दिसतात जेमतेम चार. याउलट मुंबईहून लंडनला निघालेला एकाच टेकऑफमध्ये नऊ-दहा तास खिशात टाकतो. (लांबच्या पल्ल्याची वेगळी दुखणी आहेत, झोपेचं खोबरं हे त्यातलं पहिलं.)

आणि जास्तीत जास्त किती उडता येतं? डीजीसीएच्या नियमानुसार वर्षाला 1000 तास. म्हणजे महिन्याला सरासरी 83. त्यापुढे कितीही मेहनतीची तयारी असली तरी कायदा आडवा येतो. तुमच्या आयटीतल्या मित्रासारखं वीकेंडला बसून ओव्हरटाइम ओढायची सोय इथं नाही.

माझ्या डोक्यात इथे ट्यूब पेटली. मीही फ्रीलान्सर. मला शब्दामागे पैसे मिळतात. वाचनाचे, फोनचे, चहाचे, संपादकाच्या उत्तराची वाट पाहण्याचे मिळत नाहीत. म्हणजे तत्त्वतः मी आणि एअरबसचा पायलट एकाच माळेचे मणी! फक्त माझा शब्द आणि त्याचा तास यांच्या भावात थोडा फरक आहे.

सत्तर की चाळीस?

मग तास कमी मिळाले तर काय? यासाठी असते हमी. महिन्यात विमान उडो न उडो, कंपनी इतक्या तासांचे पैसे देणारच, असा करार. पायलटच्या पगारातला हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आणि कुठल्याही रीलमध्ये तो सांगत नाहीत.

विस्ताराची गोष्ट आठवतेय? मार्च 2024 च्या अखेरीस आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची विमानं धडाधड रद्द व्हायला लागली. प्रवासी ट्विटरवर तुटून पडले. कारण काय, तर विस्तारा एअर इंडियात विलीन होणार होती आणि वैमानिकांपुढे नवा करार ठेवला होता. जुन्या करारात 70 तासांचे पैसे पक्के होते, नव्यात 40 तासांचे. बरेच पायलट एकदम ‘आजारी’ पडले. कंपनीला दिवसाला 25 ते 30 फ्लाइट्स कमी कराव्या लागल्या.

बाहेरून बघताना वाटतं, एवढे लाख मिळतात तरी यांची कुरकुर चालूच. पण मांडून बघा. समजा तासाचा भाव 2 हजार. सत्तर तासांचे होतात 1 लाख 40 हजार, चाळीसचे 80 हजार. सीट तीच, कॅप तीच, सही केलेल्या कागदावर एक आकडा बदलला आणि पक्क्या पगारातून 60 हजार गायब. राहिलेले तीस तास उडून कमावता येतातच की, असं कंपनी म्हणते. बरोबर आहे, पण ते तास द्यायचे की नाही हे रोस्टर ठरवतं आणि रोस्टर कंपनीच्या हातात. एअर इंडियाच्या वैमानिकांनी तर हा आकडा लिफ्टसारखा खालीवर होताना पाहिलाय. कोविडपूर्वी 70, कोविडमध्ये 20, मग 2023 मध्ये 40.

हे भांडण नवं नाही. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र आल्या. एका छताखाली दोन तऱ्हेचे पगार सुरू झाले. जुन्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांचं म्हणणं होतं की, आमची कमाई उडण्याच्या तासांवर लोंबकळतेय आणि मॅनेजमेंट तास देत नाही. आम्हाला ठरावीक तासांचा ठरावीक पगार द्या. एप्रिल-मे 2011 मध्ये दहा दिवस संप झाला, हायकोर्टापर्यंत प्रकरण गेलं. शेवटी न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या समितीकडे हा गुंता सोपवला गेला. समितीचा अहवाल 2012 मध्ये आला. त्याच वर्षी मे ते जुलै दुसऱ्या गटाचा संप झाला, तब्बल 58 दिवस! तो होता नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग कुणाला मिळणार यावरून. वरवर पगाराचा विषय नाही, पण मोठं विमान म्हणजे लांबचा पल्ला, जास्त तास, लवकर बढती. शेवटी गाडी त्याच स्टेशनवर.

नोकरी आवडली नाही तर सोडून द्यावी? तेही सोपं नाही. 2017 पासून कॅप्टनला एक वर्षाचा आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांचा नोटीस पीरियड आहे. (तुमचा तीन महिन्यांचा आहे म्हणून रडता ना?) 2023 मध्ये आकासा एअरचे 43 पायलट नोटीस पूर्ण न करताच गेले. कंपनीला फ्लाइट्स रद्द कराव्या लागल्या आणि ती थेट मुंबई हायकोर्टात गेली.

कंपनीच बसली तर?

इथवर ऐकून मामा फोनवर म्हणाले, ‘‘बरं, चाळीस तर चाळीस. निदान तेवढं तर येतंय ना?’’

येतंय, कंपनी उभी असली तर. नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. 2008 मध्ये गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं विमानतळ चकाचक झाला, लाल रंगाची किंगफिशर उतरायला लागली. पुढे ती बंद. मग ट्रूजेट आली, 2022 मध्ये तीही थांबली. 2024 मध्ये स्टार एअरची विमानं आली. आपण प्रवासी म्हणून फार तर पुन्हा देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढतो, पण त्या विमानातल्या माणसांचं काय?

2012 मध्ये किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले आणि त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचं उड्डाण कायमचं थांबलं. जेट एअरवेजच्या वैमानिकांचे 2019 च्या सुरुवातीपासूनचे पगार अडकले. ते उधारीवर उडत राहिले आणि 17 एप्रिल 2019 ला शेवटचं विमान उतरलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. गो फर्स्ट 3 मे 2023 पासून बंद.

एका बंद पडलेल्या कंपनीत कॅप्टन असलेले गृहस्थ मला ठाण्यात भेटले. पन्नाशीचे, शांत. म्हणाले, ‘‘लोकांना वाटतं पायलट म्हणजे श्रीमंत, त्याला दोन-चार महिने पगार नाही मिळाला तर काय बिघडतं? पण आमचे ईएमआयही पायलटच्या पगाराचेच असतात ना.’’ त्यांचं फ्लॅटचं कर्ज, मुलीची परदेशातली फी, सगळं महिन्याच्या सात लाखांवर बेतलेलं होतं. एका सकाळी ते शून्य झालं. नंतर त्यांना नोकरी मिळाली, पण वेगळ्या जातीच्या विमानावर आणि खालच्या पायरीवर.

विमानाची जात बदलणं म्हणजे काय, हेही मला तेव्हाच कळलं. पायलटचं लायसन्स मोटारीच्या लायसन्ससारखं नसतं, की आज मारुती, उद्या होंडा. एअरबस 320 चं ट्रेनिंग घेतलं म्हणून बोइंग 737 चालवता येत नाही. प्रत्येक प्रकाराला वेगळं ‘टाइप रेटिंग’, सिम्युलेटरवर, पंधरा-वीस लाखांच्या घरात. नवा मुलगा हे बहुतेकदा स्वतःच्या खिशातून भरतो, म्हणजे बापाच्या.

आणि टायमिंग! 2003 ला एअर डेक्कन, 2005 ला किंगफिशर-स्पाइसजेट, 2006 ला इंडिगो. पायलट मिळेनात म्हणून परदेशी कॅप्टन आणले जात होते. ते बघून घराघरांतली पोरं कर्ज काढून उडायला शिकायला गेली. 2009 च्या सुमारास लायसन्स घेऊन परत आली तर मंदी! हजारो मुलं हातात लायसन्स घेऊन घरी बसली. आज पुन्हा कंपन्यांनी शेकड्यानं विमानांच्या ऑर्डरी दिल्यात आणि पुन्हा तीच धावपळ चाललीय. 2022 मध्ये डीजीसीएनं 1165 व्यावसायिक लायसन्स दिली, 2023 मध्ये 1622. आपल्याकडेच बघा, गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथं उडायला शिकवतात आणि एअर इंडियानं 2024 मध्ये अमरावतीला स्वतःची शाळा काढायचं जाहीर केलं. दरवर्षी विमानं किती येतात आणि मुलं किती बाहेर पडतात, यावर पुढचा पगार ठरणार आहे.

झोपेचा भाव

एक गोष्ट मामांना सांगितली नाही, पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही-आम्ही मागच्या सीटवर बसतो.

12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं प्रवासी विमान कोसळलं, 50 माणसं गेली. चौकशीत समजलं की, चोवीस वर्षांची फर्स्ट ऑफिसर आई-वडिलांकडे सिएटलजवळ राहत होती आणि ड्युटीसाठी रात्रभर विमानानं देश ओलांडून नेवार्कला आली होती. तिथल्या छोट्या कंपन्यांमधला तुटपुंजा पगार आणि वैमानिकांचा थकवा हे दोन विषय त्यानंतर पहिल्यांदा एकत्र, मोठ्यानं बोलले गेले. पुढे अमेरिकेनं विश्रांतीचे नियम कडक केले आणि उजव्या सीटसाठीही साधारण 1500 तासांची अट घातली. पायलट कमी पडायला लागले, पगार चढले. 2023 मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ पदरात पाडून घेतली.

आपल्याकडे विश्रांतीचे नवे नियम आले ते वैमानिकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्यानंतर. जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास झाली. 1 नोव्हेंबरपासून रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोनवर आली. डिसेंबरमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट इंडिगोच्या रोस्टरमध्ये नव्हते. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर फ्लाइट्स रद्द, विमानतळांवर बॅगांचे डोंगर, लग्नं चुकली, इंटरव्ह्यू चुकले. शेवटी सरकारनं कंपनीला या नियमांतून काही काळ सूट दिली.

माझ्या त्या फर्स्ट ऑफिसर मित्राला मी विचारलं, ‘‘विश्रांती वाढली की तास कमी होणार, म्हणजे पैसेही कमी. मग तुम्ही लोक हे मागता कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘पहाटे साडेचारला, सलग दुसऱ्या रात्री, धावपट्टीचे दिवे एकाला दोन दिसायला लागले ना, की त्या तासाचे किती मिळतात हे डोक्यात येत नाही.’’

पगार तासावर आणि सुरक्षितता झोपेवर, अशी ही दोरी आहे. हमीचे तास कमी असले की पायलटला जास्त उडावंसं वाटणार, हे उघड आहे. मला विचाराल तर हमीचा आकडा हा प्रवाशांचाही विषय आहे. पण तिकीट बुक करताना कोण बघतं? मीही बघत नाही. दोनशे रुपये स्वस्त कुठलं, तेच बघते.

‘म्हणजे हमालीच की!’

होळीच्या आधी पुन्हा धर्माबादला गेले. मुदखेड, उमरी, करखेली... खिडकीतून वाळत घातलेल्या मिरच्या दिसायला लागल्या की नाक आपोआप तयार होतं. मामांनी मुनीमजींना बाजूला सारून मला गादीवर जागा दिली. काटापट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघं हिशोब मांडायला बसलो. हिरो खांबाला टेकून उभा, चेहरा बोर्डाच्या रिझल्टच्या दिवशी असतो तसा.

लायसन्सचे साठ लाख, टाइप रेटिंगचे वीस. एकूण ऐंशी. अकरा टक्क्यांनी दहा वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता बसतो महिना 1 लाख 10 हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळं. नोकरी लागेपर्यंतचे महिने वेगळे. लागली की सुरुवातीला ट्रेनीचा पगार, मग दीड-दोन लाख. त्यातून टॅक्स, पोराचं मुंबई-दिल्लीत राहणं.

‘‘राहतं काय मग?’’ मामा.

‘‘पहिली चार-पाच वर्षं फार काही नाही. कॅप्टन झाला की चित्र बदलतं.’’

मग मी तासांचं सगळं सांगितलं. मीटर, हमी, सत्तर-चाळीस. मला वाटलं होतं तास लागेल समजवायला. मामांना दोन मिनिटांत कळलं. समोर हमाल मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन चालला होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, ‘‘म्हणजे हमालीच की! जेवढी पोती उचलली तेवढे पैसे. आवक नाही तर हमाली नाही.’’

‘‘मामा, पायलटला हमाल काय म्हणता!’’

‘‘अगं, वाईट काय त्यात? हमालांनी 1969 मध्ये माथाडी कायदा करून घेतला महाराष्ट्रात. तुझ्या पायलटला आहे का असं काही?’’

मी गप्प. एम.ए. मास कॉम झाल्यावर आपल्याला बरंच कळतं, असा माझा समज होता.

मामी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांचा वेगळाच प्रश्न. ‘‘पोरींना घेतात का गं त्यात? पगार कमी देतात का?’’ म्हटलं, घेतात, आणि पगाराच्या तक्त्यात बाई-पुरुष असा रकानाच नसतो. सीट, सीनिऑरिटी आणि तास, एवढंच. 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर विमान नेलं होतं, कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये सगळ्या बायका. मामी म्हणाल्या, ‘‘देशमुखांची का? बरं झालं.’’ आणि आमच्या दहावीतल्या धाकटीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

इतका वेळ गप्प असलेला हिरो शेवटी बोलला. ‘‘अक्का, मी पैशासाठी नाही म्हणायलो. मला उडायचंच आहे.’’

‘‘उडायला कोण नको म्हणायलंय?’’ मामा म्हणाले. ‘‘पण रान माझं आहे ना खाली.’’

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर सौदा संपत आला होता. मामांनी काटापट्टीची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, ‘‘तुला या लेखाचे किती देणार?’’ मी सांगितलं. ‘‘शब्दावर? मग महिन्याला किती शब्दांची गॅरंटी?’’ मी म्हटलं, ‘‘गॅरंटी नसते, मामा.’’ ते पुढे काही बोलले नाहीत, पण मामींना ओरडून सांगितलं की, पोरीबरोबर दोन किलो तिखट द्या.

ठरलं ते एवढंच. बँकेत जायचं नाही, अजून तरी. पायलट व्हायला निघालेल्यानं आधी क्लास टू मेडिकल करायचं असतं, मग क्लास वन. डोळे, कान, हृदय, सगळं. त्यात नापास झालं तर पुढचा सगळा हिशोब रद्द आणि पास झालं तरी हे मेडिकल नोकरीभर सुटत नाही. त्यात एकदा जरी अडकलं तरी मीटर बंद! त्यामुळे पहिला खर्च ऐंशी लाखांचा नाही, काही हजारांचा. हैदराबादला डीजीसीएनं नेमलेले डॉक्टर आहेत. पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मामा सोबत जाणार आहेत. त्यांनी मला दोनदा विचारलं, तिथं चष्म्याचा नंबर बघतात का? पोराला पाऊण नंबर आहे आणि हे त्याला स्वतःलाच मागच्या महिन्यात कळलंय.

चष्मा चालतो, मी सांगितलं. खात्री केलीय.